सोलापूरहून आंतरराष्ट्रीय फिनस्विमिंग स्पर्धेपर्यंत : नवख्यांसाठी मार्गदर्शन

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापुरातल्या तलावांवर शिकाऊ मुलांची झुंबड उडते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की त्यातली बरीचशी गळतात. जी टिकतात, रोज पहाटेची बॅच चुकवत नाहीत, त्यांच्या घरात दोन-तीन वर्षांत हमखास एक प्रश्न निघतो : पोहायला उत्तम येतं, आता पुढे काय? जिल्हा, विभाग, राज्य ही जलतरणाची नेहमीची वाट आहेच. तिच्या शेजारून जाणारी दुसरी वाट फिनस्विमिंगची, म्हणजे पायांत माशाच्या परासारखे फिन घालून पोहण्याच्या शर्यतीची. ती थेट आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाते, पण आपल्याकडे तिची माहिती फार थोड्यांना आहे. हा लेख अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी लिहिला आहे.

पुढचं सगळं वाचण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. मोनोफिनची, म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवायच्या एकाच मोठ्या फिनची, घाई करायची नाही. व्हिडिओत तो चमकदार, माशाच्या शेपटीसारखा पसरलेला फिन दिसतो आणि पोरं म्हणतात, आधी तेच घेऊन द्या. या खेळात टिकणारा खेळाडू मात्र स्नॉर्केल (चेहरा पाण्यात असताना श्वास घ्यायची नळी) आणि दोन साध्या रबरी फिन्सवर घडतो.

आधी खेळ समजून घ्या

फिनस्विमिंग म्हणजे पायात फिन घालून पोहण्याची शर्यत. हा खेळ सीएमएएस या जागतिक संघटनेच्या नियमांखाली चालतो. पाण्याखालच्या खेळांची ही संघटना १९५९ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते फ्रान्सचे समुद्रसंशोधक जॅक-इव्ह कुस्तो. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७६ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरला झाली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही, हे पालकांनी सुरुवातीलाच जाणून घ्यावं. ऑलिंपिकबाहेरच्या खेळांसाठी दर चार वर्षांनी भरणाऱ्या वर्ल्ड गेम्समध्ये मात्र तो १९८१ पासून आहे.

तलावातल्या शर्यतींचे चार प्रकार आहेत. सरफेस म्हणजे मोनोफिन आणि स्नॉर्केल लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून पोहणं. ५० मीटरपासून १५०० मीटरपर्यंत. ॲप्निया म्हणजे ५० मीटर एका श्वासात, चेहरा सतत पाण्यात. इमर्शन म्हणजे हवेचं छोटं सिलिंडर हातात पुढे धरून पाण्याखालून जाणं. आणि चौथा बायफिन्स : दोन पायांत दोन वेगळे फिन, स्नॉर्केल, आणि हातांनी नेहमीचा क्रॉल. याशिवाय रिले असतात आणि समुद्रात किंवा सरोवरात लांब पल्ल्याच्या शर्यतीही होतात.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना. साध्या फ्रीस्टाइलमध्ये ब्राझीलच्या सेझार सिएलोने २००९ मध्ये ५० मीटर अंतर २०.९१ सेकंदांत कापलं होतं आणि तो विक्रम वर्षानुवर्षं टिकला. ॲप्नियात अव्वल पुरुष खेळाडू तेच अंतर १४ सेकंदांच्या आसपास पार करतात. पोहताना माणूस स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर याहून वेगाने जात नाही.

मूळ पोहणं तपासा

फिन घातल्याने कच्चं पोहणं सुधारत नाही, उलट चूक वेगाने होते. म्हणून आधी फिनशिवाय पाहा. न थांबता ४०० मीटर फ्रीस्टाइल सहज होतं का? भिंतीला ढकलून दोन्ही हात कानामागे चिकटवून, एकावर एक पंजा ठेवून अंग सरळ रेषेत तरंगत जातं का? डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ, गुडघ्यातून निघते की छातीपासून? बहुतेक मुलांची गुडघ्यातूनच निघते. सोलापुरातले चांगले प्रशिक्षक हे दोन मिनिटांत सांगतील. मार्कंडेय जलतरण तलावावर असोत की एखाद्या शाळेच्या तलावावर, त्यांनी फिनस्विमिंग शिकवलेलं नसलं तरी चालेल. अंगाची रेषा आणि लाथ यांवर त्यांची नजर बसलेली असते.

जमिनीवर दोन गोष्टी रोज करायच्या. घोटा पुढे वाकला पाहिजे, पाऊल नडगीच्या रेषेत आलं पाहिजे. त्यासाठी वज्रासनाइतका सोपा आणि फुकट व्यायाम दुसरा नाही. टीव्ही बघतानाही होतो. दुसरं म्हणजे खांदे. हात डोक्यावर नेऊन कोपर कानामागे जात नसतील तर सरफेस आणि ॲप्नियात तुम्ही आख्खी शर्यत पाण्याला अडवत पोहाल. पोट आणि कंबर मजबूत हवी, हे वेगळं सांगायला नको. मोनोफिनचा सगळा भार तिथेच येतो आणि कमरेचं दुखणं या खेळातल्या लहान मुलांना सतावतं.

स्नॉर्केल : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सहलीला जाणारे लोक वापरतात तो कानाजवळून वर जाणारा स्नॉर्केल इथे कामाचा नाही. शर्यतीचा स्नॉर्केल चेहऱ्याच्या मधोमध, नाकासमोरून कपाळावरून वर जातो आणि कपाळावरच्या पट्टीने घट्ट बसतो. नियमात त्याची मापं ठरलेली आहेत : लांबी ४३ ते ४८ सेंटिमीटर, आतला व्यास १५ ते २३ मिलिमीटर, नळीचा छेद गोल. ऑनलाइन मागवताना ही मापं बघूनच मागवा. सरावाचे काही स्नॉर्केल याहून लांब किंवा आकाराने वेगळे असतात आणि स्पर्धेच्या तपासणीत बाद होतात.

पहिला आठवडा पोहूच नका. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून चेहरा बुडवा आणि तोंडाने श्वास घ्या, तोंडानेच सोडा. नाक उघडं असतं, म्हणून सुरुवातीला प्रत्येकाच्या नाकात पाणी जातं आणि ठसका लागतो. नाकातून अजिबात हवा ओढायची नाही, ही सवय लागायला वेळ लागतो. ती लागेपर्यंत नोज क्लिप लावली तरी हरकत नाही. मग पुढची पायरी : पूर्ण पाण्याखाली जा, नळी भरू द्या, वर या आणि एका जोरदार फुंकरीत ती रिकामी करा. फुंकर अर्धवट पडली तर नळीच्या वळणात घोटभर पाणी राहतं, पुढच्या श्वासाबरोबर ते घशात येतं आणि शर्यत तिथेच संपते. उडी मारून वर येताना आणि प्रत्येक टर्ननंतर हे करावं लागतं. ४०० मीटरच्या शर्यतीत ५० मीटरच्या तलावात सात टर्न येतात. म्हणजे सुरुवात धरून आठ वेळा नळी साफ करायची, तीही छाती धापत असताना. हे न चुकता जमलं की निम्मा खेळ आला.

एक बारकावा. नळीत सोडलेल्या श्वासाचा थोडा भाग पुढच्या श्वासात परत आत येतो. उथळ, भराभर श्वास घेणाऱ्या मुलाला म्हणूनच लवकर दम लागतो. खोल आणि संथ श्वास घ्यायला शिकवा.

मग बायफिन

बायफिन शर्यतीला सीएमएएसची मान्यता असलेलेच रबरी फिन चालतात. ते पोहणं शिकवायच्या आखूड फिन्सपेक्षा बरेच लांब असतात. खरेदीआधी मान्यतेची खूण आहे की नाही ते पाहा. माप बुटाच्या नंबरावर सोडू नका. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड आखा, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पायांची. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. वाढत्या वयाच्या मुलाला एक माप मोठा फिन घेऊन आत पायमोजा घालणं परवडतं. सैल फिन मात्र टाच सोलतो.

लाथ कमरेतून मारायची, गुडघा थोडासाच वाकवायचा. खाली मारताना जोर लागतो तसा वर उचलतानाही लागला पाहिजे. नवखे वरचा अर्धा भाग फुकट घालवतात. सुरुवातीला २५ मीटरचे तुकडे आणि मध्ये भरपूर विश्रांती. पोटऱ्यांत गोळे येतील. मीठ-साखर-लिंबाचं पाणी जवळ ठेवा, आणि गोळा आला की लेनच्या दोरीला धरून पाय ताणा. घाबरून हातपाय झाडू नका.

इथे आपल्या शहरातली खरी अडचण येते. बॅचच्या गर्दीत फिन घालून पोहणं धोक्याचं आहे. रबरी फिनचा फटका जोरात बसतो आणि मोनोफिनच्या फायबरची कड तर कापते. तलावाच्या व्यवस्थापकांना आधी भेटा, अर्ज द्या, पहाटेची पहिली किंवा दुपारची रिकामी वेळ मागा, आणि एक आख्खी लेन मिळत असेल तरच उतरा. जीवरक्षकाला तुम्ही काय करताय ते रोज सांगा. उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे तलाव बंद राहिला तर ते दिवस जमिनीवरच्या व्यायामात घालवा. हिप्परग्याच्या तलावात किंवा उजनीच्या फुगवट्यात सरावाला उतरण्याचा विचारही नको. गाळ आणि मासेमारीची जाळी यांत लांब फिन अडकला की चांगल्या पोहणाऱ्यालाही तो सोडवता येत नाही.

मोनोफिन कधी

बायफिनवर ४०० मीटर आरामात होऊ लागलं, डॉल्फिन किक छातीतून निघू लागली आणि कंबर कुरकुरत नाही असं दिसलं, की मोनोफिन. नियमाप्रमाणे त्याची कमाल लांबी-रुंदी ७६ सेंटिमीटर बाय ७६ सेंटिमीटर. पातं फायबरग्लास किंवा कार्बनचं असतं, त्याला दोन रबरी पाऊलकप्पे जोडलेले. पातं मऊ, मध्यम, कडक अशा प्रकारांत मिळतं. नवख्याने मऊच घ्यावं. कडक पात्यावर मोठ्या खेळाडूचा टाइम चांगला येतो म्हणून लहान मुलाला ते घेऊन दिलं, तर त्याच्या अंगाची लाट बिघडते, गुडघे वाकू लागतात, पाठ दुखते. हे मी आग्रहाने सांगतो. शक्य असेल तर पहिला मोनोफिन कुणाचा तरी वापरलेला घ्या. मुलांचे पाय वर्षभरात वाढतात आणि परदेशातून मागवलेल्या नव्या फिनवर किमतीशिवाय कुरिअर आणि सीमाशुल्कही पडतं.

पाऊलकप्पा इतका घट्ट असतो की कोरडा पाय आत जातच नाही. काठावर टॉवेल अंथरून बसा. सोलापुरात त्याची कमी नाही, जाड टेरी टॉवेल फरशीवर घसरतही नाही. बाटलीत पाण्यात थोडा सौम्य शाम्पू मिसळून ते पाणी कप्प्यात ओता, पाय ओला करा, बोटं आत सरकवा आणि टाचेवरचा रबर हाताने ओढून चढवा. पातं फरशीवर टेकवून त्यावर भार देऊ नका, कड तिथेच उडते. पहिल्या काही दिवसांत पावलाच्या वरच्या बाजूला आणि टाचेला फोड येतात. पातळ मोजे घालून सराव करा, फोड फोडू नका, आणि जखम चिघळली तर पाण्यात उतरूच नका.

फिन घालून चालता येत नाही. उडी मारायच्या जागी आधी पोहोचायचं, तिथेच बसून फिन चढवायचा आणि कुणाचा तरी हात धरून उठायचं. पहिल्या सरावांत ब्लॉकवरून उडी नकोच. पाण्यातून भिंत ढकलून सुरुवात करा.

सराव झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत, गच्चीवर किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या फिनचा रबर कडक पडतो, डिंक सुटतो. आडवा, सपाट ठेवायचा. त्यावर काही ठेवायचं नाही.

श्वास रोखण्याबद्दल, अगदी गंभीरपणे

ॲप्नियाची शर्यत बघायला फार सुंदर असते आणि मुलांना तीच आधी करून पाहायची असते. म्हणून हे नीट वाचा आणि मुलांना वाचून दाखवा.

श्वास घ्यावासा वाटतो तो रक्तातला प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. पाण्यात जाण्याआधी भराभर खोल श्वास घेतले तर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पण प्राणवायू फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली असताना गुदमरल्याची सूचना मिळतच नाही, प्राणवायू मात्र संपत जातो आणि माणूस काही न कळता बेशुद्ध पडतो. वरून बघणाऱ्याला तो शांतपणे पोहतोय असंच वाटतं. उथळ पाण्यातही असे जीव गेले आहेत, आणि गेलेल्यांत उत्तम पोहणारे होते.

तेव्हा घरात हे नियम घाला. भराभर श्वास घेऊन डुबकी मारायची नाही. एकट्याने श्वास रोखायचा सराव कधीच करायचा नाही, बादलीत तोंड घालूनसुद्धा नाही. पाण्याखाली एक जण असताना दुसऱ्याने काठावर उभं राहून फक्त त्याच्याकडेच बघायचं, मोबाइल बाजूला. मित्रांत पैजा नाहीत. आणि पहिल्या वर्षी, ॲप्निया शिकवलेला प्रशिक्षक समोर नसेल तर २५ मीटरपेक्षा जास्त पाण्याखालून जायचंच नाही. इमर्शनचा विचार तर देशपातळीवर पोहोचल्यावर, सिलिंडर हाताळण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतल्यावरच करा.

नोंदणी आणि स्पर्धांची उतरंड

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कुणी आपापलं उठून जाऊ शकत नाही. नाव क्लबमार्फत किंवा देशाच्या संघटनेमार्फतच जातं. म्हणून आधी राज्यातल्या फिनस्विमिंग संघटनेशी जोडलेल्या क्लबमध्ये नोंदणी करा. संघटना खरी आहे का, ती देशाच्या कोणत्या संघटनेशी संलग्न आहे आणि त्या संघटनेचं नाव सीएमएएसच्या सदस्यांच्या यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी पडताळा. खेळ कमी माहितीचा असला की त्याच्या नावावर प्रमाणपत्रं वाटणारेही उभे राहतात. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. शाळेतले क्रीडागुण किंवा पुढे नोकरीतलं खेळाडू आरक्षण मनात असेल, तर हा खेळ सध्याच्या शासकीय यादीत कुठे बसतो ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या. त्यावर अवलंबून निर्णय घेणार असाल तर तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आंतरराष्ट्रीय स्पर्धा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. जागतिक अजिंक्यपद आणि आशियाई अजिंक्यपद स्पर्धांना देशाचा संघ जातो. तिथे निवड राष्ट्रीय स्पर्धेतल्या टाइमवर होते. सीएमएएस विश्वचषकाच्या फेऱ्या मात्र क्लबांसाठी असतात आणि वर्षभरात वेगवेगळ्या गावांत होतात. इटलीतलं लिन्यानो साब्बियादोरो आणि हंगेरीतलं एगर ही त्यातली जुनी, ओळखीची ठिकाणं. पहिला आंतरराष्ट्रीय अनुभव घ्यायचा तर माझ्या मते विश्वचषकाची एखादी फेरी योग्य. तिथे जगातले उत्तम खेळाडू शेजारच्या लेनमध्ये असतात, पण देशाच्या निवडीचं ओझं खांद्यावर नसतं.

वयाचे गट कोणत्या तारखेला धरले आहेत हे त्या स्पर्धेच्या पत्रकात पाहा. एका वर्षाच्या फरकाने मूल ज्युनिअरमधून सीनिअरमध्ये ढकललं जातं. आणि एंट्री टाइम, म्हणजे अर्जात भरायचा मुलाचा टाइम, खरा द्या. खऱ्यापेक्षा कमी सेकंदांचा दिला तर पोराला वेगवान हीटमध्ये (प्राथमिक फेरीच्या गटात) टाकलं जातं आणि ते एकटंच मागे राहतं.

सोलापुरातल्या २५ मीटरच्या तलावातला टाइम ५० मीटरच्या तलावात तसाच निघत नाही, कारण टर्न कमी होतात आणि भिंतीच्या ढकलण्याचा फायदा जातो. महिन्यातून एखादी फेरी पुण्याला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या ५० मीटरच्या तलावावर काढता आली तर पाहा. सकाळच्या रेल्वेने जाऊन रात्री परत येता येतं.

कागदपत्रं

पासपोर्टचं काम सगळ्यात आधी. सोलापुरात टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला खेटे घालायची गरज सहसा पडत नाही. जन्मदाखल्यावरचं, आधारवरचं आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आजच बघा. आपल्याकडे वडिलांच्या नावाच्या आणि आडनावाच्या स्पेलिंगमध्ये हमखास गडबड असते. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, म्हणून जुना असेल तर त्याची मुदत तपासा.

स्पर्धा युरोपात असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शेवटच्या पंधरवड्यावर कधीही ठेवू नका; उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. बोटांचे ठसे देण्यासाठी पुणे किंवा मुंबईच्या केंद्रात स्वतः जावं लागतं. आयोजकांचं निमंत्रणपत्र, संघटनेचं पत्र, राहण्याची सोय, बँकेचे तपशील, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा जोडायचा. अठराच्या आतलं मूल पालकांशिवाय जात असेल तर आई आणि वडील दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं संमतीपत्र हवं. शाळेचं रजेचं पत्रही घ्या, विशेषतः तारखा परीक्षेवर येत असतील तर.

खेळाडूसाठी सीएमएएसचा परवाना आणि एका वर्षाच्या आतलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते फक्त सहीपुरतं घेऊ नका. कानाचा पडदा, सायनस, दमा, हृदय, फिट्स येण्याचा इतिहास, सगळं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि हा श्वासाचा खेळ आहे हेही सांगा.

औषधांचं भान

सीएमएएस जागतिक उत्तेजकविरोधी संहितेखाली येते, म्हणजे तुमच्या चौदा वर्षांच्या मुलीचीसुद्धा चाचणी होऊ शकते. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त आढळलं तर ते स्पर्धेदरम्यान बंदीत मोडतं. दम्याच्या काही पंपांना मर्यादेत परवानगी आहे, काहींना आधी मंजुरी काढावी लागते. कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना खेळाडू आहे म्हणून सांगा आणि राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडाच्या ॲपवर नाव तपासा. दुकानात डब्यात मिळणारी ताकदीची पावडर, जिममधल्या कुणी दिलेला चुरा, घटक न लिहिलेली चूर्णं, सगळं बंद. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे यांवर मूल उत्तम वाढतं.

सामान बांधताना

विमानात सर्वसाधारणपणे चालणाऱ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर धरतात. मोनोफिन कमाल मापाचा असेल तर दोन बाजूच १५२ होतात आणि पाऊलकप्प्यांची उंची वेगळी. म्हणजे बॅग मापाबाहेर जाणार. तिकीट काढतानाच विमान कंपनीला क्रीडासाहित्य म्हणून कळवा, उत्तर ईमेलवर घ्या आणि त्याची छापील प्रत बरोबर ठेवा. फिन दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, बाजूंना टॉवेल गुंडाळून भरा. स्नॉर्केल, गॉगल, टोपी आणि एक स्विमसूट मात्र हातातल्या बॅगेत. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तरी सराव अडत नाही.

जास्तीचं काय घ्यायचं? दुसरा गॉगल, दुसरी टोपी, स्नॉर्केलची जादा तोंडपट्टी आणि कपाळपट्टी. तोंडपट्टी चावून चावून फाटते, आणि ती नेमकी शर्यतीच्या सकाळी फाटते.

खाण्याचं बोलायचं तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी हे आपलं प्रवासाचं भरवशाचं जेवण आहे, आणि ते नेता येतं. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा घरीच. शर्यतीच्या दिवशी मात्र तिखट चटणी बाजूला ठेवा. भात, केळी, भाकरी असं सवयीचं आणि हलकं खा, उडीच्या दोन-तीन तास आधी.

स्पर्धेचे दिवस

दोन दिवस आधी पोहोचा. इटली-हंगेरीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं. मुलं पहाटे तीनला टक्क जागी होतात आणि संध्याकाळच्या फायनलला पेंगतात. पहिल्याच दिवशी तलाव पाहून घ्या : ब्लॉकची उंची, भिंत, टचपॅड, १५ मीटरची खूण. आपल्याकडच्या उघड्या तलावाची सवय असलेल्या मुलाला बंदिस्त तलावातला गोंगाट आणि छताकडचे दिवे वेगळे वाटतात. पाठीवर पडून थोडं पोहू द्या.

आदल्या संध्याकाळी संघ व्यवस्थापकांची तांत्रिक बैठक असते. वेळापत्रकातले बदल, वॉर्मअपच्या लेन, साहित्य तपासणीची वेळ तिथेच कळते. कुणी तरी जबाबदार माणूस वही घेऊन हजर पाहिजे. सकाळी हीट, संध्याकाळी फायनल असा बहुतेक ठिकाणी क्रम असतो. वॉर्मअपला प्रचंड गर्दी होते, मोनोफिनवाल्यांची आणि बायफिनवाल्यांची लेन वेगळी असू शकते, फलक वाचूनच उतरा.

शर्यतीआधी कॉल रूममध्ये हजेरी लागते. तिथे उशीर म्हणजे शर्यत गेली, विनवण्या चालत नाहीत. स्नॉर्केल आणि फिनचं माप तिथे पुन्हा तपासलं जाऊ शकतं. मग पंचाच्या शिट्ट्या, लांब शिट्टीला ब्लॉकवर, 'टेक युअर मार्क्स', आणि सिग्नल. आधी हललात तर बाद. दुसरी संधी नाही.

नवखे खेळाडू कमी वेगामुळे जितके मागे पडतात, तितकेच नियमांमुळे बाद होतात. सरफेस आणि बायफिनमध्ये उडीनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर फक्त १५ मीटर पाण्याखाली राहता येतं, त्याआधी पृष्ठभागावर आलंच पाहिजे. मोनोफिनवर १५ मीटर इतक्या पटकन निघून जातात की मुलाला कळतही नाही. म्हणून सरावात लेनच्या दोरीला १५ मीटरवर रंगीत रिबीन बांधा आणि किती लाथांत ती येते ते मोजून पाठ करायला लावा. ॲप्नियात उलट : शेवटच्या भिंतीला हात लागेपर्यंत चेहरा पाण्याबाहेर काढायचा नाही. टर्नला भिंतीला स्पर्श झालाच पाहिजे. लेनची दोरी ओढायची नाही. शर्यत संपल्यावर शेजारचे खेळाडू पोहत असतील तर आपल्या लेनमध्येच थांबायचं, आणि सांगतील त्या बाजूने बाहेर यायचं.

बाद केलंच तर कारण व्यवस्थापकाने विचारायचं, पालकांनी नाही. हरकत नोंदवायला मुदत फार थोडी असते, शुल्कही असतं. चूक खरोखर झाली नसेल तरच नोंदवा.

स्टँडमध्ये बसलेल्या आईबाबांना एवढंच सांगणं की शर्यत संपल्यावर लगेच टाइम विचारू नका. मोनोफिन काढल्यावर पायांत त्राण नसतं, टाचा सोललेल्या असतात. पाणी द्या, टॉवेल द्या, पंधरा मिनिटं हलकं पोहून स्नायू सैल होऊ द्या. मग प्रशिक्षकांशी बोलू द्या.

परत आल्यावर

अधिकृत निकालपत्रक संकेतस्थळावरून उतरवून ठेवा, त्यातलं नाव आणि जन्मवर्ष बरोबर आहे का बघा. चूक असेल तर आयोजकांना त्याच आठवड्यात लिहा, नंतर कुणी दाद देत नाही. हाच टाइम पुढच्या स्पर्धेच्या अर्जात एंट्री टाइम म्हणून जाणार आहे. निकालाची एक प्रत क्लबकडे, एक राज्य संघटनेकडे आणि एक शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे द्या. फिनचे कप्पे उलटे करून तपासा. प्रवासात रबराला भेग गेली असेल तर ती सरावात वाढण्याआधी दुरुस्त करून घ्या. मुलाला आठवडाभर फिनशिवाय पोहू द्या, टाचा भरून येऊ द्या, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बायफिनपासून सुरू करा.